स्कॉटिश पूर्वजाचा शोध अठराव्या शतकात अडतो तेव्हा : नोंद न सापडण्याची कारणे आणि उपाय

स्कॉटलंडमधील घराण्याची वंशावळ १८५५ पर्यंत बहुधा फारशी अडचण न येता मागे नेता येते आणि १८०० च्या आसपास पोहोचली की एकाएकी थांबते. १ जानेवारी १८५५ पासून तिथे जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी सक्तीची झाली. त्याआधीच्या नोंदी चर्च ऑफ स्कॉटलंडच्या सुमारे नऊशे पॅरिशांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतील विभागांच्या, वह्यांत आहेत आणि त्या वहीत आपल्या मुलाचे नाव घालण्याचे बंधन कोणत्याही आईबापांवर प्रत्यक्षात नव्हते. यांतली सर्वांत जुनी वही पर्थशायरमधील एरल या पॅरिशची असून ती १५५३ पासून सुरू होते. परंतु तिच्याकडे पाहून इतर पॅरिशांविषयी अंदाज बांधू नये, कारण पश्चिमेकडील डोंगराळ मुलखातल्या अनेक पॅरिशांच्या वह्या अठराव्या शतकाच्या अखेरीस किंवा त्याहूनही उशिरा सुरू झालेल्या आहेत.

अडचण दोन रूपांत समोर येते. एक तर शोधयंत्रात नाव घातल्यावर काहीच मिळत नाही, किंवा त्याच नावाच्या तीन-चार व्यक्ती मिळतात आणि त्यांतली आपली कोणती हे कळत नाही. माझ्या मते दुसरे रूप अधिक धोक्याचे आहे, कारण पहिल्यात माणूस निदान थांबतो. दुसऱ्यात तो जवळची तारीख पाहून एक नाव उचलतो आणि तिथून पुढची सगळी वंशावळ परक्या घराण्याची होऊन बसते.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहीत आहे. माझ्या जावयाचे घराणे कॅनडातील नोव्हा स्कोशियाचे, त्याआधी इनव्हर्नेसशायरचे, आणि आडनाव फ्रेझर. नातीच्या जन्मानंतर तिच्यासाठी दोन्ही बाजूंची वंशावळ लिहून ठेवावी असे मनात आले. आमच्या बाजूला छापील कुलवृत्तांत आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वहीतील नावे असल्याने काम लवकर झाले. तिच्या वडिलांच्या बाजूला मात्र, १७८४ च्या सुमारास जन्मलेल्या आणि तरुणपणी समुद्रापार गेलेल्या एका पूर्वजापाशी मी थांबले, आणि अकरा महिने एका भलत्याच माणसाला त्याच्या जागी धरून चालले. घराण्यातील माणसे हयात असल्यामुळे त्या पूर्वजाचे नाव येथे देत नाही. त्या भागातल्या सर्वांत प्रचलित चार-पाच नावांपैकी ते एक होते, एवढे सांगणे पुरेसे आहे.

शोध सुरू करण्याआधी

स्कॉटलंडच्या वह्या उघडण्यापूर्वी पूर्वजाची पॅरिश निश्चित करावी. नुसता परगणा (शायर) माहीत असून भागत नाही, आणि नुसते पॅरिशचे नाव माहीत असूनही भागत नाही, कारण कर्कमायकल नावाची पॅरिश एअरशायर, पर्थशायर, बँफशायर आणि डम्फ्रीसशायर अशा चार ठिकाणी आहे. देशांतर केलेल्या माणसाच्या बाबतीत जहाजांच्या याद्यांवर विसंबू नये. ब्रिटनमधून बाहेर जाणाऱ्या प्रवाशांच्या याद्या पद्धतशीरपणे जपल्या गेल्या त्या १८९० पासूनच्या, आणि अठराव्या शतकातल्या ज्या थोड्या उरल्या आहेत त्या योगायोगाने. त्याऐवजी ज्या देशात तो माणूस गेला तिथली थडगी, चर्चच्या वह्या, जमिनीचे अर्ज आणि घरातील बायबलाच्या पहिल्या पानांवरील टिपणे आधी पाहावीत. नोव्हा स्कोशियातील जुन्या थडग्यांवर ‘अमुक पॅरिशचा मूळ रहिवासी’ असे कोरलेले पुष्कळदा आढळते. आम्हालाही पॅरिशचे नाव थडग्यावरच मिळाले, आणि बायबलात मिळाला तो मायदेशी राहिलेल्या एका बहिणीचा उल्लेख. त्या उल्लेखाचे मोल मला तेव्हा कळले नाही.

नोंद मुळीच सापडत नसेल तर

सर्वांत आधी हे तपासावे की त्या पॅरिशची, त्या वर्षांची वही अस्तित्वात तरी आहे का. या वह्यांची पॅरिशवार यादी १८७२ साली छापली गेली असून तिच्यात कोणत्या पॅरिशच्या वहीत कोणत्या वर्षांच्या नोंदी नाहीत हे दिलेले आहे. वह्या लिहिणारा सेशन क्लार्क, म्हणजे पॅरिशच्या चर्चचा कारकून, हा बहुतेक ठिकाणी गावच्या शाळेचा मास्तर असे. तो आजारी पडला, बदलला किंवा त्याने कंटाळा केला, की पुढची पाने कोरी राहत. उलट कधी कधी एखाद्या बापाने आपल्या पाच-सहा मुलांची नावे एकाच दिवशी एकत्र लिहवून घेतलेली असतात. त्यामुळे मूल १७७० मध्ये जन्मलेले असले तरी नोंद १७८२ च्या पानावर असू शकते आणि वर्षाची मर्यादा घालून शोधणाऱ्याला ती दिसत नाही.

दुसरे कारण कराचे. १७८३ मध्ये ब्रिटिश संसदेने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सांचा कर बसवला आणि तो १७९४ मध्ये रद्द झाला. कुळाने किंवा विणकऱ्याने हे पैसे का भरावेत? बाप्तिस्मा होई, नोंद होत नसे. १७८३ ते १७९४ या काळात जन्मलेल्या पूर्वजाची नोंद न सापडणे हे म्हणूनच फारसे आश्चर्याचे नाही, आणि १७८४ च्या सुमारास जन्मलेला आमचा पूर्वज नेमका याच वर्षांतला आहे. हा कर मला तेव्हा ठाऊक असता, तर १७८१ मधील एका सारख्या नावाकडे माझा हात इतक्या लवकर गेला नसता.

तिसरे कारण पंथाचे आहे. १७३३ मध्ये एबेनेझर अर्स्किन आणि त्यांचे सहकारी अधिकृत चर्चपासून वेगळे झाले, १७४७ मध्ये त्या फुटलेल्या गटातही फूट पडली, आणि १७६१ मध्ये टॉमस गिलेस्पी यांच्या पुढाकाराने रिलीफ चर्च निघाले. या पंथांची, तसेच एपिस्कोपल आणि कॅथलिक कुटुंबांची मुले पॅरिशच्या वहीत असतीलच असे नाही. एखाद्या कुटुंबातील दोन थोरली मुले वहीत आहेत आणि धाकटी चार अचानक नाहीशी झाली आहेत, असे दिसले तर मृत्यूची किंवा स्थलांतराची शंका घेण्याआधी त्यांनी पंथ बदलला का हे पाहावे. या इतर पंथांच्या ज्या वह्या उरल्या आहेत त्यांतल्या बऱ्याच एडिंबरा येथील नॅशनल रेकॉर्ड्‌स ऑफ स्कॉटलंडकडे आहेत.

चौथे कारण लिपिकाच्या कानाचे आणि शोधणाऱ्याच्या समजुतीचे. गेलिक बोलणाऱ्या कुटुंबाचे नाव इंग्रजीत लिहिताना लिपिक आपल्या सोयीचा पर्याय निवडी. डोनाल्ड हा डॅनियल होई, पॅट्रिक आणि पीटर ही एकाच माणसाची नावे असत, एलिझाबेथ आणि इझाबेल, जेनेट आणि जेसी, अ‍ॅग्नेस आणि नॅन्सी यांची सर्रास अदलाबदल होई. ‘मॅक’ हा उपसर्ग कधी लिहिला जाई, कधी गाळला जाई. स्कॉटलंड्सपीपल या सरकारी संकेतस्थळावर अक्षरांच्या जागी तारांकन घालून शोधता येते. माझा सल्ला असा की आडनावाची जागा सैल ठेवावी, मुलाचे नाव अजिबात घालू नये आणि फक्त आईबापांच्या नावांवरून त्या पॅरिशमधली सगळी मुले काढावीत. स्कॉटलंडमधील स्त्रिया कायदेशीर कागदांत लग्नानंतरही माहेरचे आडनाव राखत. ही या शोधातील फार मोठी सोय आहे, कारण आईबापांच्या आडनावांची जोडी ही एकट्या बापाच्या नावापेक्षा कितीतरी पटींनी दुर्मीळ असते.

एकाच नावाचे अनेक सापडले तर

फ्रेझरांच्या मुलखात, म्हणजे किलटार्लिटी, किलमोरॅक आणि कर्कहिल या पॅरिशांत, दहा वर्षांच्या अवधीत एकाच नावाची अनेक मुले मिळणे हे रोजचेच आहे. तिथे आडनाव हे रक्ताचे प्रमाण मानता येत नाही, कारण कुळप्रमुखाच्या, म्हणजे क्लॅनच्या मुख्याच्या, जमिनीवर राहणारी माणसे त्याचे आडनाव लावीत. आपल्याकडे नाव आणि आडनाव यांच्यामध्ये वडिलांचे नाव येते, त्यामुळे एका गावातले दोन गोविंद निदान कागदावर तरी वेगळे राहतात. गेलिक बोलण्यातही तीच रीत होती. माणसाची ओळख ‘अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू’ अशीच दिली जाई. परंतु इंग्रजीत वही लिहिणाऱ्याने ती मधली साखळी गाळली आणि फक्त ‘फ्रेझर’ एवढेच ठेवले. जे गावाला तोंडपाठ होते ते कागदावर उरले नाही, आणि आज आपल्याला ते इतर पुराव्यांवरून पुन्हा उभे करावे लागते.

यासाठी मूळ पानाची प्रतिमा पाहणे आवश्यक आहे. सूचीवर थांबू नये. सूचीत नाव, तारीख आणि आईबाप एवढेच असते. पानावर मात्र शेताचे किंवा वाडीचे नाव, बापाचा व्यवसाय आणि बाप्तिस्म्याचे साक्षीदार हेही पुष्कळदा असते, आणि साक्षीदार बहुधा नात्यातले किंवा शेजारच्या शेतावरचे असतात. माणूस ‘अमुक शेताचा’ म्हटला आहे की ‘अमुक शेतात राहणारा’ म्हटला आहे, इकडेही लक्ष द्यावे: स्कॉटिश कागदांत पहिला जमिनीचा मालक असतो आणि दुसरा कूळ. एका शब्दाच्या या फरकाने दोन समनामी माणसे वेगळी करता येतात.

त्यानंतर खरे काम सुरू होते आणि ते कष्टाचे आहे. सापडलेल्या प्रत्येक समनामी मुलाचा त्याच्या मृत्यूपर्यंत माग काढायचा. आपला कोणता हे सिद्ध करण्याआधी बाकीचे आपले नाहीत हे सिद्ध करायचे. त्याच आईबापांनी काही वर्षांनी त्याच नावाच्या दुसऱ्या मुलाचा बाप्तिस्मा केला असेल, तर पहिला बहुधा दगावला. हे मी ‘बहुधा’ म्हणते, कारण डोंगराळ भागात दोन्ही आजोबांचे नाव एकच असेल तर दोन हयात भावांना तेच नाव दिल्याची उदाहरणे आहेत. समनामी मुलगा मोठा होऊन त्याच पॅरिशमध्ये संसार करताना दिसला, किंवा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगला, तर तो जनगणनेत सापडतो. १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील व्यक्तींचे वय बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिले आहे आणि जन्मस्थळ केवळ ‘याच परगण्यातले की नाही’ एवढेच विचारले आहे. १८५१ च्या जनगणनेत मात्र जन्माची पॅरिश लिहिलेली असते. अकरा महिने मी ज्याला आमचा पूर्वज समजत होते, तो १७८१ मध्ये बाप्तिस्मा झालेला माणूस, मला १८५१ च्या जनगणनेत सत्तराव्या वर्षी त्याच शेतावर, पत्नी आणि नातवंडांसह राहताना सापडला. तो कधी समुद्रापार गेलाच नव्हता. त्याच्या मागे मी जोडलेले आजोबा आणि पणजोबा त्या दिवशी वंशावळीतून काढून टाकावे लागले.

नावे ठेवण्याच्या रूढीविषयीही येथेच सांगते. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे आणि तिसऱ्याला खुद्द वडिलांचे नाव; पहिल्या मुलीला आईच्या आईचे, दुसरीला वडिलांच्या आईचे आणि तिसरीला खुद्द आईचे, अशी स्कॉटलंडमधली जुनी पद्धत होती. नातवाला आजोबांचे नाव देण्याची रीत आपल्या ओळखीची असल्यामुळे या पद्धतीवर आपला चटकन विश्वास बसतो. तो विश्वास आवरावा. ती रूढी होती, नियम नव्हता. जमीनदाराचे, पाद्र्याचे किंवा नुकत्याच वारलेल्या नातेवाइकाचे नाव मध्येच देण्यात येई. या पद्धतीचा उपयोग पुढे कुठे शोधावे हे ठरवण्यासाठी करावा. पुरावा म्हणून ती मांडू नये.

१८५५ नंतरचा मृत्युदाखला : माझ्या मते सर्वांत खात्रीचा मार्ग

स्कॉटलंडच्या सरकारी मृत्युनोंदीत मृताच्या वडिलांचे नाव आणि आईचे माहेरच्या आडनावासह नाव विचारले जाई. याचा अर्थ असा की जी व्यक्ती १७७५ मध्ये जन्मली आणि १८५५ नंतर वारली, तिच्या दाखल्यात अठराव्या शतकात लग्न झालेल्या जोडप्याची नावे लिहिलेली असतात. पूर्वज स्वतः इतका जगला नसेल किंवा परदेशी वारला असेल, तर त्याची भावंडे पाहावीत. बहुतेक जण फक्त आपल्या थेट पूर्वजांच्या ओळीवर लक्ष ठेवतात, आणि म्हणून मायदेशी राहिलेल्या म्हाताऱ्या बहिणीकडे कोणी पाहत नाही.

त्यातही १८५५ हे एक वर्ष विलक्षण आहे. त्या वर्षीच्या मृत्युनोंदीत मृताचे जन्मस्थळ, जोडीदाराचे नाव, मुलांची नावे आणि दफनाची जागा एवढा तपशील मागितला गेला. इतके सारे लिहिणे निबंधकांना झेपेना म्हणून पुढच्या वर्षी तो कमी करण्यात आला. आमच्या पूर्वजाची ती बायबलातली बहीण १८५५ च्या शरद ऋतूत वारली होती. तिच्या नोंदीत वडिलांचे नाव होते, आईचे माहेरचे आडनाव होते आणि थडग्यावर कोरलेल्या त्याच पॅरिशचे नाव होते. त्या दोन आडनावांची जोडी पॅरिशच्या वहीत शोधल्यावर १७७३ ते १७८१ या काळातली चार भावंडे एकाच शेतावर मिळाली. स्वतः पूर्वजाची नोंद अजूनही मिळालेली नाही, आणि तीन पेन्सांच्या कराची वर्षे लक्षात घेता ती मिळेल असे मला वाटत नाही. त्याचे आईबाप कोण हे मात्र आता ठरले आहे.

दाखल्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, हेही सांगितले पाहिजे. माहिती देणारा बहुधा मुलगा, नातू किंवा जावई असतो आणि ऐंशी वर्षांच्या वृद्धेच्या आईचे नाव त्याला ऐकूनच माहीत असते. शक्य तर दोन भावंडांचे दाखले काढून ताडून पाहावेत.

लग्नाची तारीख जुळत नसेल तर

पॅरिशच्या वहीत लग्न म्हणून लिहिलेली तारीख ही पुष्कळदा चर्चमध्ये लग्नाची जाहीर घोषणा झाल्याची असते. वधू आणि वर वेगवेगळ्या पॅरिशांतले असतील तर दोन्हीकडे घोषणा होत असे, आणि म्हणून दोन वेगळ्या तारखा मिळतात. त्यात काही चूक नाही. लग्नाची नोंदच नसेल तर ते लग्न चर्चबाहेर, साक्षीदारांसमोर परस्परसंमती जाहीर करून झालेले असू शकते. अशी लग्ने स्कॉटलंडच्या कायद्याने १९४० पर्यंत वैध होती. चर्चला मात्र ती पसंत नसत, आणि त्यामुळे अशा जोडप्याला कर्क सेशनसमोर, म्हणजे पाद्री आणि वडीलधाऱ्यांच्या पंचसभेसमोर, बोलावले जाई व त्याची हकिकत तिथल्या इतिवृत्तात उतरे.

ही इतिवृत्ते वाचायला वेळ लागतो, तरी बाप्तिस्म्याची वही संपते तिथे त्यांच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. गरिबांना दिलेली मदत, विवाहबाह्य मुलाच्या बापाची चौकशी, दुसऱ्या पॅरिशमधून आलेल्या माणसाने आणलेला वर्तणुकीचा दाखला, आणि शवपेटीवर घालायच्या चर्चच्या कापडाचे भाडे, हे सारे तिथे लिहिलेले असते. दफनाच्या नोंदी बहुतेक पॅरिशांत ठेवल्याच गेल्या नाहीत. तिथे या कापडाच्या भाड्याची नोंद हाच कधी कधी मृत्यूचा एकमेव पुरावा ठरतो. ही पाने आता स्कॉटलंड्सपीपलवर पाहता येतात, परंतु त्यांतील बहुतेकांची नावनिशीवार सूची नाही. पान पान वाचावे लागते.

जमिनीचे कागद

स्कॉटलंडमध्ये १८६८ पर्यंत जमीन मृत्युपत्राने देता येत नसे. ती कायद्याने थोरल्या मुलाकडे जाई. त्यामुळे मृत्युपत्रात थोरल्याचे नाव नसेल तर तो वारला असे समजू नये. जमीनदार घराण्यांसाठी १६१७ पासूनचे सेसीन नावाचे जमीनहस्तांतराचे दप्तर आणि वारसनिश्चितीच्या नोंदी पाहाव्यात. कुळांसाठी मालकाच्या इस्टेटीचे खंडाचे हिशेब हाच आधार असतो. फ्रेझरांच्या बाबतीत एक वेगळीच सोय झाली आहे. पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने झालेल्या १७४५ च्या जॅकोबाइट उठावानंतर फ्रेझर क्लॅनचे प्रमुख लॉर्ड लोव्हॅट यांचा १७४७ मध्ये लंडनला शिरच्छेद झाला, त्यांची इस्टेट सरकारजमा झाली आणि ती घराण्याला परत मिळाली १७७४ मध्ये. मधल्या काळात सरकारी अधिकाऱ्यांनी तिचा कारभार पाहिला, आणि अशा जप्त इस्टेटींची १७५५-५६ मध्ये जी पाहणी झाली तिच्यात शेतवार कुळांची माहिती आहे. ज्या उठावाने त्या मुलखाची धूळधाण केली, त्याच्याच कागदांत त्या कुळांची नावे वाचताना मला फार वाईट वाटले.

पूर्वज मुंबई इलाख्यात आला असेल तर

महाराष्ट्रात राहणाऱ्या काही वाचकांचा स्कॉटिश पूर्वज इथेच आलेला असू शकतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, ७४ वी आणि ७८ वी या दोन स्कॉटिश पलटणी लढल्या. त्या राजाच्या फौजेतल्या असल्यामुळे त्यांच्या हजेरीपटांसाठी लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जावे लागते. पूर्वज ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी असेल तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील १७८९ पासूनचे कॅडेटांचे अर्ज पाहावेत. अर्जासोबत बाप्तिस्म्याचा पुरावा जोडावा लागे, म्हणून मुलाची पॅरिश तिथे थेट मिळू शकते. मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या चर्चनोंदींच्या प्रतीही तिथेच असून त्या १७०९ पासूनच्या आहेत.

आमच्या पूर्वजाच्या वडिलांच्या पुढे मी अद्याप गेलेले नाही. १७५५-५६ च्या पाहणीत त्याच शेतावर त्याच नावाची दोन कुळे आहेत, आणि त्यांतले आजोबा कोणते हे सांगणारा कागद माझ्या हाती नाही. वंशावळीच्या त्या चौकटीत मी दोन्ही नावे पेन्सिलीने लिहिली असून शेजारी ‘अनिर्णित’ असा शेरा मारला आहे. सध्या त्या पॅरिशच्या कर्क सेशनची १७६० नंतरची इतिवृत्ते रोज दहा पाने या गतीने वाचत आहे.